नडगी, येळवस आणि १९ जानेवारी

८ डिसेंबर २०२४ पासून बेचाळीस दिवस मोजले की बरोबर १९ जानेवारी २०२५ ही तारीख येते. हा हिशेब मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किमान वीस वेळा केला असेल. कधी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर बोट ठेवून, कधी वर्गात मुले प्रश्नपत्रिका सोडवत असताना मनातल्या मनात. ८ डिसेंबरला मी शेवटची पळाले होते, डॉक्टरांनी सहा आठवडे पळणे बंद ठेवायला सांगितले होते, आणि १९ जानेवारीला मुंबई मॅरेथॉन होती. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, आणि पूर्ण मॅरेथॉनचे अंतर बेचाळीस किलोमीटर १९५ मीटर. एरवी मी शकुन-अपशकुन मानणारी नाही, पण त्या आठवड्यात या दोन बेचाळिसांमध्ये मला चक्क शुभसंकेत दिसू लागला होता.

मी लातूरमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ज्या गावाचे नाव शिकवणीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभर झाले, तिथे नीटची तयारी करणाऱ्या मुलांना हाडांची रचना, ऑस्टिओक्लास्ट आणि ऑस्टिओब्लास्ट या पेशींची कामे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून समजावते. हाडावर नेहमीपेक्षा जास्त भार पडू लागला की ऑस्टिओक्लास्ट आधी जुना भाग पोखरून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट मागाहून तिथे नवे हाड भरतात. पोखरण्याचे काम लवकर होते, भरण्याचे सावकाश. त्यामुळे भार वाढवल्यानंतर काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा मजबूत नसते, उलट थोडे कमकुवतच असते. हे सगळे मला तोंडपाठ होते. स्वतःच्या नडगीबाबत मात्र मला ते ३१ वर्षांच्या डॉक्टरकडून ऐकून घ्यावे लागले, आणि तो मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला नाही, एवढीच काय ती इभ्रत राखली गेली.

चूक नेमकी कुठे झाली, हे आता मागे वळून पाहताना स्वच्छ दिसते. पावसाळ्यात आमच्या सकाळच्या गटातील चौघांनी मुंबईसाठी नावे नोंदवली. तोवर मी अर्ध्या मॅरेथॉन पळत होते आणि आठवड्याला साधारण ३८ किलोमीटर होत होते. ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत मी ते ६० च्या पुढे नेले. त्याच काळात, ३ ऑक्टोबरला, घट बसले. तुळजापूर जवळ असलेल्या आमच्या भागात नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणे ही घरोघरची रीत आहे आणि लग्न झाल्यापासून मी तो कधी मोडलेला नाही. ६ ऑक्टोबरच्या रविवारी मी औसा रोडवर २४ किलोमीटर पळून आले आणि घरी येऊन भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. त्यात प्रथिने नावालाच असतात. शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा सतत कमी पडत राहिली की त्याचा फटका स्त्रियांच्या हाडांना आणि मासिक पाळीला आधी बसतो, हेही मला माहीत होते. पण ‘उपवास’ आणि ‘सराव’ ही माझ्या डोक्यातील दोन वेगवेगळ्या वह्यांमधली नोंद होती आणि त्या वह्या मी कधी शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर साधारण चार बोटांवर, पळून आल्यावर दुखू लागले. आधी मी ते नेहमीचे नडगीचे दुखणे समजले. पळणाऱ्यांना ते माहीत असते: ते नडगीच्या कडेने बरेच लांबपर्यंत पसरलेले असते, पहिल्या दोन किलोमीटरमध्ये जाणवते आणि अंग गरम झाले की विरते. हे दुखणे तसे नव्हते. ते एका बोटाच्या टोकाखाली मावत होते, पळताना वाढत होते, आणि डिसेंबर लागता लागता रात्री कूस बदलतानाही जाणवू लागले होते. घरात हळद-चुन्याचा लेप झाला. कुणीतरी मालिश करणाऱ्याचा पत्ता दिला. तिथे गेले नाही हे माझे नशीब, कारण नेमक्या त्याच जागी अंगठ्याने रगडून घेणे ही शेवटची गोष्ट होती जी त्या हाडाला हवी होती.

८ डिसेंबरला ३० किलोमीटरचा सराव ठरला होता. एकोणिसाव्या किलोमीटरला पाऊल टेकताना कळ वरपर्यंत जाऊ लागली. मी थांबायला हवे होते. पण आमच्यातील एकाने पाण्याचा जार आणि चिक्की चोविसाव्या किलोमीटरला, एका धाब्यासमोर ठेवली होती, आणि ‘तिथपर्यंत तर जाऊ’ असे म्हणत मी आणखी पाच किलोमीटर लंगडत काढले. या पाच किलोमीटरना पुढे माझ्या निर्णयात मोठे स्थान मिळाले, म्हणून त्यांचा उल्लेख इथे करून ठेवते.

एक्स-रे स्वच्छ आला. त्या दिवशी घरात आनंदीआनंद झाला, आणि डॉक्टरांनी तो लगेच मोडून काढला: अशा दुखापतीत पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा काहीच दिसत नाही, म्हणून एमआरआय करा. एमआरआयमध्ये टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, मगजात सूज दिसली, भेगेची रेषा दिसली नाही. नडगीच्या अशा दुखापतींसाठी १९९५ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची एक श्रेणी वापरतात. तीत चौथ्या पायरीवर हाडात रेषा दिसते. मी दुसऱ्या पायरीवर होते. जागाही त्यातल्या त्यात बरी होती, कारण नडगीच्या आतल्या-मागच्या बाजूचे हाड चांगले भरून येते, समोरच्या धारेवरची भेग मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते. रक्तात ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे १३ नॅनोग्रॅम निघाले. २० च्या खाली कमतरता धरतात. मराठवाड्यात राहून ऊन कमी पडावे हा विनोद डॉक्टरांनी केला आणि मी कसनुसे हसले. पहाटे पाचला अंधारात पळायचे आणि नंतर दिवसभर वर्गात, पंख्याखाली. ऊन पडते ते आमच्या गाडीच्या सीटवर.

मग मी तो बेचाळीस दिवसांचा हिशेब त्यांच्यापुढे मांडला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, “मॅडम, सहा आठवड्यांनी तुम्हाला पळायला सुरुवात करायची आहे. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, तेही दुखलं नाही तर. तुम्ही त्या दिवशी शर्यत धरून बसलाय.”

हे वाक्य इतके सरळ होते की निर्णय तिथेच व्हायला हवा होता. प्रत्यक्षात तो व्हायला आणखी साडेतीन आठवडे लागले, आणि मला लिहायचे आहे ते या साडेतीन आठवड्यांविषयीच.

माझ्यासमोर पळायचे की नाही असा दुपदरी प्रश्न कधी उभा राहिलाच नाही. उभा राहिला तो एक तिसरा, फार गोड पर्याय: जाऊ तर, सुरू तर करू, दुखले तर थांबू. गटातील एका ज्येष्ठ धावपटूंनी हाच सल्ला दिला, मुलानेही दिला, आणि नवरा तर म्हणाला की तिकीट काढलेलेच आहे, खोलीचे पैसे भरलेलेच आहेत, स्पर्धेचे शुल्क परत मिळणार नाहीच, तर निदान मुंबई पाहून येऊ. (मुंबई त्यांनी किमान चाळीस वेळा पाहिली आहे.) हा पर्याय समंजस वाटतो, कारण त्यात हट्टही दिसत नाही आणि माघारही दिसत नाही. त्यातील खोट मला दिसली ती त्या चोविसाव्या किलोमीटरच्या जारमुळे. रिकाम्या औसा रोडवर, जिथे मला पाहायला उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांखेरीज कुणी नव्हते, तिथे दोन चिक्क्यांसाठी मी पाच किलोमीटर दुखऱ्या पायावर काढले होते. मुंबईत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे असतात, संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटे हातात देतात, बिबवरचे, म्हणजे छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या कागदावरचे, नाव वाचून हाका मारतात. तिथे मी आपण होऊन थांबेन असे मी कोणत्या आधारावर म्हणत होते? पस्तीस किलोमीटर उलटून गेल्यावर पेडर रोडचा चढ येतो, आणि त्या चढावर थांबणारी बाई मी नाही हे मला पुरते ठाऊक आहे. ‘दुखले तर थांबू’ याचा माझ्यापुरता खरा अर्थ ‘दुखले तरी संपवू’ असाच होता, फक्त तो घरच्यांना सांगण्याजोग्या शब्दांत मांडलेला होता.

एका रात्री मी फळ्यावर करावे तसे गणित कागदावर केले. मला पाच तास लागले असते. माझी पावले मिनिटाला साधारण १६० पडतात. तीनशे मिनिटांची ४८ हजार, म्हणजे उजव्या पायाची २४ हजार. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन ते तीनपट जोर येतो. माझ्या ५८ किलोला अडीचपट धरली तरी १४५ किलो. सूज आलेल्या हाडावर १४५ किलोचा ठोका, चोवीस हजार वेळा. तो कागद मी फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी स्वतःच काढला, कारण पाणी घ्यायला गेले की दर वेळी तो वाचावा लागत होता.

वेदनाशामक गोळीचा विषयही निघालाच. “सकाळी एक, वीस किलोमीटरला एक, काही जाणवत नाही,” असे सांगणारे दर स्पर्धेत भेटतात आणि ते खरेच सांगत असतात. काही जाणवत नाही, हीच अडचण आहे. शिवाय आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणे रोखतात, आणि अंगातील पाणी कमी झालेले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरण्याचे काम याच प्रोस्टाग्लँडिनवर असते. दमट मुंबईत पाच तास घाम गाळत असताना पायाचे दुखणे झाकण्यासाठी मूत्रपिंडावर जुगार खेळणे मला शिक्षिका म्हणून तरी शोभले नसते.

३० डिसेंबरला येळवस आली. वेळ अमावास्येला आमच्याकडे शहरे ओस पडतात, सगळे शेतात जातात. औसा तालुक्यातील आमच्या शेतातही कडब्याची कोप उभारली होती, पांडवांची पूजा झाली, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर असे सगळे होते आणि मी ढेकळांतून जपून पाऊल टाकत चालत होते. हरभऱ्याच्या रानाकडे जाताना सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, माझ्याकडे निरखून पाहत होत्या. त्यांचे वय ७४. कोजागरीच्या पौर्णिमेला लातूरकडून तुळजापूरला चालत जाण्याचा त्यांचा पूर्वीचा नेम होता. सुमारे पंचाहत्तर किलोमीटर, निम्मे अनवाणी. त्या म्हणाल्या, “एका साली उजनीपाशी पायात बाभळीचा काटा मोडला. पाय हा एवढा सुजला. म्या वटी शेजारणीच्या हाती दिली अन् माघारी आले. देवी काय पळून चालली व्हती? फुडच्या साली बी तिथंच व्हती.”

त्यांच्या लेखी विषय तिथे संपला आणि त्या आंबिलीच्या बिंदगीकडे वळल्या. माझ्या मनात मात्र तो अडकून राहिला, आणि त्यातही देवीपेक्षा ओटी जास्त अडकली. कारण त्याच आठवड्यात ओळखीच्या एका बाईंनी विचारले होते, तुम्ही पळणार नसाल तर तुमच्या बिबवर मी पळू का? मागणी वाईट हेतूची नव्हती, नोंदणी बंद झाली होती आणि त्यांची तयारी चांगली होती. पण ओटी दुसरीच्या हाती देता येते, बिब देता येत नाही. नियमात बसत नाही हे एक. त्याहून मोठे कारण असे की वाटेत कुणी कोसळले तर वैद्यकीय पथक त्या क्रमांकावरूनच माणसाचे नाव, वय, रक्तगट आणि घरचा फोन शोधते. उद्या त्यांना काही झाले असते तर फोन माझ्या नवऱ्याला आला असता. मी नाही म्हटले. त्या नाराज झाल्या, अजूनही थोड्या आहेत. नाही म्हणताना मला एक गोष्ट लख्ख जाणवली: दुसऱ्याच्या बाबतीत धोका मला क्षणात दिसला होता, आणि मी स्वतः मात्र तोच बिब घेऊन जाण्याचा विचार अजून सोडला नव्हता.

५ जानेवारीला, शर्यतीच्या दोन आठवडे आधी, फिजिओथेरपिस्ट बाईंनी ठरवून दिलेली चाचणी होती. एका पायावर दहा उड्या, सलग, दुखता कामा नये. दुखल्या नाहीत तरी शर्यतीला परवानगी नव्हतीच, फक्त सहा आठवडे संपल्यावर एक-एक मिनिट पळून पाहायची मुभा मिळणार होती. पण मी मनात तिचा वेगळाच अर्थ लावला होता. गच्चीवर गेले. डाव्या पायावर दहा झाल्या. उजव्यावर पाच झाल्या, सहाव्याला नेमक्या त्या बोटभर जागी बारीक ठणका उठला. सातवी मारली, तो पुन्हा उठला.

यानंतर मी जे केले ते लिहायला थोडी लाज वाटते. मी खाली आले, जाड तळव्याचे नवे बूट घातले आणि पुन्हा गच्चीवर गेले. आठवीपर्यंत पोहोचले. मग विचार आला की गच्चीची फरशी कडक आहे, खाली बैठकीत सतरंजी दुहेरी घालून पाहावे. सतरंजीची घडी उलगडता उलगडता मला वर्गातील ती मुले आठवली, जी उत्तर चुकले की ‘मॅडम, प्रश्नच चुकीचा आहे’ असे म्हणत पाठ्यपुस्तक उघडतात. परीक्षेचा निकाल लागला होता आणि मी पेपर बदलून मागत होते. उत्तर मान्य असते तर मी ती सतरंजी काढलीच नसती. ती तशीच जमिनीवर टाकून मी फोन घेतला आणि रेल्वेचे तिकीट रद्द केले. खोलीचे निम्मे पैसे परत मिळाले, स्पर्धेचे अर्थातच गेले.

त्यानंतरचे काही दिवस फार बरे गेले आणि मग संक्रांत आली. लातूरमध्ये मी मुंबईला पळायला जाणार हे किती जणांना माहीत होते याचा अंदाज मला हळदी-कुंकवाच्या फेऱ्यांत आला. अकरा घरी तिळगूळ घेतला आणि अकरा घरी ‘कधी निघणार?’ हा प्रश्न घेतला. सुरुवातीला मी टिबिया, मगज, सूज असे सगळे सांगत होते. चौथ्या घरापासून ‘पाय दुखतोय, यंदा नाही’ एवढेच सांगू लागले, आणि कुणालाही त्याहून जास्त नको होते. ज्या लोकांपुढे तोंड कसे दाखवू म्हणून मी डिसेंबरभर झुरत होते, ते पुढच्या वाक्याला गॅस सिलिंडरवर आले होते.

राहिला दमाचा प्रश्न. पळणे थांबले की सगळी मेहनत वाया जाते ही भीती पहिल्या दहा-बारा दिवसांत तरी फारशी खरी नसते, त्यानंतर मात्र दम उतरू लागतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी खोल पाण्यात पळायला सांगितले होते: कमरेला तरंगणारे काहीतरी बांधायचे, पाय तळाला लागू द्यायचे नाहीत आणि पाण्यात उभ्याने पळण्याची क्रिया करायची, हाडावर ठोका शून्य, छातीला काम पुरेपूर. शहरातील तलावाच्या वेळा कॉलेजच्या वेळांशी जुळत नव्हत्या. शेतात मात्र जुनी, पायऱ्यांची दगडी विहीर आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा हिच्या तळाला मुले क्रिकेट खेळत होती. २०२४ चा पावसाळा भरभरून झाला आणि जानेवारीतही पाणी सहाव्या पायरीला होते. लहानपणी पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधत, तसाच पाच लिटरचा डबा कमरेला बांधून, काठावर दोराचे दुसरे टोक धरून मुलगा बसलेला, अशी मी त्या विहिरीत जागच्या जागी पळू लागले. पहिल्या दिवशी शेजारच्या रानातील गडी ‘काय पडलं?’ म्हणत धावत आला.

१९ तारखेला पहाटे सव्वाचारला, गजर न लावता, जाग आली. आमचे तिघे त्या वेळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ रांगेत उभे असणार होते. आम्ही लातूरची माणसे रात्रीच्या गाडीने जिथे उतरतो, तिथूनच ही मॅरेथॉन सुटते आणि तिथेच येऊन संपते. थोडा वेळ पडून राहिले, मग मुलाला उठवले आणि आम्ही शेतात गेलो. हवेत काकडा होता, पण विहिरीचे पाणी थंडीत असते तसे कोमट होते, वर वाफ तरंगत होती. मुलगा पायरीवर चादर पांघरून बसला आणि एका हातात दोर, एका हातात मोबाइल धरून तिघांचे टप्पे वाचून दाखवू लागला. दहा किलोमीटर. एकवीस. तिसाव्याला आमच्यातील एकीची वेळ मागे पडली होती आणि मी पाण्यातून ओरडले, “तिला मीठ-साखर घ्यायला सांग,” जणू तिला ते ऐकू जाणार होते.

मी मध्ये विसावा घेत पन्नास मिनिटे पळाले. बाहेर येऊन घड्याळ पाहिले, तर त्याने विहिरीतील त्या पळण्याचे अंतर ०.३८ किलोमीटर नोंदवले होते आणि खाली विचारले होते की ही नोंद जतन करायची का. मी हो म्हटले.